खालनं वाचा

पावणा रत्नव्वाच्या पानपट्टीवर न थांबता सरळ शेजारच्या सायबर कॅफेत शिरला, आणि तिनं लावायला घेतलेलं पान तसंच खाली ठेवलं.

शाहूपुरीतल्या त्या गल्लीत सोयरीक करायची तर आधी रत्नव्वाकडं चौकशी, ही रीत. पान लावता लावता ती मुलीच्या बापाला असा रंगवायची, की खुद्द बापानं स्वतःला ओळखलं नसतं. आज गुंडू पैलवानाच्या लेकीला, संयोगिताला बघायला निपाणीची माणसं आली होती. मुलाचा मामा चहाच्या आधीच हळूच सटकला होता, तोच हा पावणा.

कॅफे रत्नव्वाच्या नातवाचा, संगमेशचा. ती काताच्या हातांनीच आत घुसली. मामानं गुंडूचं नाव टाकलं होतं. सगळ्यात वर पैलवानांची चरित्रं देणारी साइट आली. मामानं क्लिक केलं.

"ते पान काढ म्हनलं हुतं न्हवं?" ती नातवाच्या कानाशी लागली.

"माझ्या हातात हाय व्हय, आज्जी? गुंडूकाकांनी साइटवाल्यांना दोनदा लिवलं. ते म्हनत्यात, खरं हाय, लपवायचं कशाला."

"लपवू नका की! ऱ्हाऊ दे तितंच. ज्याला पैलवान वाचायचाय त्यो जाईल साइटवर. नुसतं नाव टाकलं की सर्चमदी पयलं हेच का नाचत येतंय?"

नेट रडत होतं. पान ओळीओळीनं उतरलं. फोटो. मग ठळक अक्षरात: १९९४, दरोड्याच्या गुन्ह्यात अटक.

मामा खुर्ची सारून उठायला लागला. रत्नव्वानं पडद्याच्या वरच्या भागावर पंजा दाबून धरला.

"खालनं वाचा, पावणं."

"हात काढा, आज्जी."

"न्हाय काढत. आदी खालचं."

चरफडत त्यानं माऊसचं चाक फिरवलं. पार तळाला, बारीक अक्षरात: १९९९, कोर्टातून निर्दोष मुक्तता. खरे दरोडेखोर दुसरेच.

"हे खरं कशावरनं?"

"मी सांगिटलं असतं तर थाप म्हनला असता. ह्ये तर तुमच्या मशीननं सांगिटलंय की."

मामा परत खुर्चीत टेकला. रत्नव्वानं हात काढला. त्यानं पान पुन्हा वर नेलं. काचेवर काताचा लाल पंजा उमटला होता, आणि अटकेची ओळ नेमकी त्याच्या खाली.

मामानं खिशातनं रुमाल काढला. काचेकडं बघितलं. मग स्वतःचं कपाळ पुसलं, आणि रुमाल घडी करून परत खिशात ठेवला.