मंगलचा सोमवार

लेकीला फिट येऊ नये म्हणून विंझरची मंगल कित्येक वर्षं कडक सोमवार धरत होती. आज भोरच्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला कीटोनचं पेय दिलं. तिनं झाकण उघडून हुंगलं. रॉकेलसारखा वास आला. सोमवार नसता, तर चाखूनही बघितलं असतं.

"डाक्टर, ह्यानं पोरीच्या अंगात व्हतं तरी काय?"

"कडक उपासात शरीर जे तयार करतं ना, तेच यात आहे. मेंदू त्यावर चालला, की फिट कमी येतात. पोरगी जेवूनखाऊन राहिली, तरी निम्मं काम उपासाचंच होतं."

मंगलनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"म्हंजी औषद पयल्यापास्नं बरूबरच व्हतं," ती म्हणाली. "घेत मातूर मी व्हते."