पडद्यावरची पातळी

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी धरणाच्या मोजपट्टीवरून भिवातात्यांचा फोन आला. "शलाकाताई, सहाशे बारा मीटर झालं. भोंगा वाजवा!"

नियंत्रण कक्षात शलाका रेडकरच्या पडद्यावर ६१०.२ होतं. "तात्या, आधी चष्मा पुसा."

"पुसलाय! पाणी माझ्या पायरीला लागलंय."

फोनवरचा आणि पडद्यावरचा आकडा जुळल्याशिवाय भोंगा वाजवायचा नाही, असा नियम होता. खाली नदीपात्रात आठवडी बाजार भरला होता. शलाकाची आई तिथेच भाजी विकत होती.

शलाकाने अभियंता वैराटांना हाक मारली. ते दारातूनच म्हणाले, "सहाशे बारा! एवढं लाल दिसतंय, तुला दिसत नाही?"

दिसत नव्हतं. जुन्या मॉनिटरने तिचे डोळे चुरचुरायचे, डोकं ठणकायचं. सोमवारी आलेला हा मॉनिटर समोर बसणाऱ्या प्रत्येकाची बुबुळं जवळून वाचून ज्याच्या त्याच्या डोळ्यांत वेगळं चित्र सोडायचा, आणि ताण देणारं काही असेल तर ते सौम्य करायचा. तेव्हापासून तिचं डोकं एकदाही दुखलं नव्हतं.

"साहेब, भोंग्याची किल्ली द्या."

"थांब, वर उत्तर मला द्यावं लागतं." वैराट खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "अगं, ६१०.२च आहे की. उगाच घाबरवलंस."

"साहेब, पडद्याकडे बघू नका! किल्ली द्या!"

"कशाला?" त्यांनी शांतपणे विचारलं.

दहा वाजून अठरा मिनिटांनी किल्ली वैराटांच्याच खिशात होती. भिवातात्या फोन उचलत नव्हते.