शेवटच्या वर्षाची यादी

"बंद झाला म्हणजे? पुरस्कार काय एसटीची फेरी आहे, प्रवासी नाहीत म्हणून रद्द करायला?"

श्रावणीचा आवाज अमरावतीच्या त्या आरोग्य कार्यालयात शेवटच्या टेबलापर्यंत गेला. कारकून प्रीतमने मान वर केली.

"ताई, वरून बंद झाला. आमी काय करू?"

त्याने तिच्या वडिलांना मात्र, "बसा सर," म्हणत खुर्ची सरकवून दिली. खिशातली दोन पेनं पाहून मास्तर ओळखू येतो. एवढा तरी मान अजून उरला आहे.

श्रावणीची आई विमल बाकावर बसली होती. बावीस वर्षं जंगलातल्या सेमाडोहला नर्स. नवरा अकोटच्या शाळेत, मुलगी त्याच्याजवळ, आणि ही पावसाळ्यात दोन-दोन आठवडे तिकडेच अडकलेली. तिथली निम्मी पोरं हिच्या हातावर जन्मली. चार वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवाव्रती पुरस्कारासाठी तिचं नाव गेलं. उत्तर आलं नाही, आणि पुढच्या वर्षी पुरस्कारच गुंडाळला. सेवा तेवढी चालू राहिली. ती गुंडाळायची मुभा नर्सला नसते!

आता एकच फट उरली होती. त्या शेवटच्या वर्षी निवड झालेल्यांना राहिलेली पदकं देणार होते. निवडीचा कागद दाखवायचा आज अखेरचा दिवस होता.

"जाऊ दे ना, श्रावणी," तिचे वडील रविकांत सर हळूच म्हणाले. बायकांनी एकट्यानं ऑफिसात कशाला जायचं, म्हणून ते शाळेतून रजा काढून सोबत आले होते. "सरकारी काम अन् सहा महिने थांब. माझा आदर्श शिक्षकाचा प्रस्ताव तीनदा परत आला. मी बोललो का कधी?"

खरंच, ते कधीच बोलले नव्हते. श्रावणीला त्यांची कीव आली आणि रागही आला.

"तुम्ही गरीब गाईसारखे गप्प बसता, म्हणूनच यांचं फावतं, बाबा!"

तेव्हा विमल पहिल्यांदा बोलली. "मले पदकाचं काही नाही. पण होय की नाही, ते तरी कळवा न. साधा ताप असला तरी आमी पेशंटले सांगतो, काय झालं ते."

प्रीतम उठला आणि कपाटाकडे गेला.

"राहू द्या हो प्रीतमभाऊ," रविकांत सर म्हणाले. "तुमची जेवायची वेळ झाली. आमची बसही चुकेल."

"दुसरी मिळेल," श्रावणी म्हणाली.

फाईल निघाली. प्रीतमने यादीवरून बोट फिरवलं आणि थांबला. सिस्टरचं नाव होतं. दुसऱ्याच क्रमांकावर.

श्रावणीने टेबलावर हात आपटला. "म्हणजे निवड झाली होती! मग दाबलं कोणी? कोणाचा माणूस घुसवायचा होता? नाव सांगा. नाव घेतल्याशिवाय मी इथून हलत नाही."

"दाबलं नाही, ताई. सिस्टरनंच नको म्हटलं न." गोंधळून प्रीतमने पुढचं पान उलटलं. 'कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे हा सन्मान मी स्वीकारू शकत नाही.' खाली विमलच्या नावाची सही होती आणि कार्यालयाचा शिक्का.

विमलने चष्मा पुसला. कागद जवळ धरून दोनदा वाचला.

"हे मी नाही लिहिलं. ही सही माही नाही."

"मग आणून दिलं कोणी?" श्रावणी ओरडली. सगळं ऑफिस वळून पाहू लागलं. "आणि बाई समोर नसताना तुम्ही घेतलं कसं?"

"कसं म्हणजे? घरच्या माणसानं आणून दिलं तं बाईचंच झालं न, ताई." प्रीतम खुर्चीकडे वळला. "सांगा न सर. त्या दिवशी मी तुमाले चहाही पाजला होता."