टोरांटो ते सुरत

वडिलांच्या वर्षश्राद्धाला पिंड ठेवायची वेळ झाली, तेव्हा कुंदनचा व्हिडिओ कॉल आला. लिंबायतच्या दोन खोल्यांत जमलेले नातेवाईक फोनभोवती गोळा झाले.

"आई, यायचं फार मनात होतं गं," तो म्हणाला, "पण टोरांटो ते सुरत बारा हजार किलोमीटर. एवढ्या लांबून कसा पोचणार?"

मामांनी डोळे पुसले. आईने मान डोलावली.

फोन बंद झाल्यावर धनश्री आईच्या मागोमाग चुलीपाशी गेली. "अंतर बरोबर सांगितलं दादाने. घड्याळ बघायचं राहिलं. टोरांटोत आत्ता रात्रीचे दोन वाजलेत आणि त्याच्यामागच्या खिडकीत लख्ख ऊन होतं."

"इथेच, हजिऱ्याला आलाय, कंपनीच्या कामाला," खीर ढवळत आई म्हणाली. "शेजारच्या गोपालनेच परवा आपल्या रिक्षाने तिथे सोडलं त्याला. कुठे बोलू नको, असं मीच सांगितलंय गोपालला."

"आणि तू त्या खोटारड्यापुढे मान डोलावलीस?"

"बारा हजार किलोमीटरवरचा मुलगा आला नाही, तर लोक हळहळतात. पंचवीस किलोमीटरवरचा आला नाही, तर आईने त्याचं काय बिघडवलं, ते विचारतात."