आधी तासभर पट्ट्यावर

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या कचरावेचक बायकांच्या सहकारी संस्थेला शाश्वततेचा सल्ला दिला: वर्गीकरणाचं यंत्र आणा, चौदा बायका कमी करा. अध्यक्षा दोना इरासीनं हातमोजे पुढे केले. “इथं बोलायचं तर आधी तासभर या सरकत्या पट्ट्यावर कचरा निवडायचा, बाळांनो.” विद्यार्थ्यांचा म्होरक्या मुरीलो कामाला लागला. शेजारची बाई पिशवी कानाशी चुरगाळून आवाजावरून प्लास्टिक ओळखत होती. त्यानं चुरगाळली, तर आत उरलेलं दही कानात गेलं. “तुझ्या यंत्राला कान आहेत का रे?” बायका खिदळल्या. तासाभरानं तो संस्थेच्या सभेत म्हणाला, “यंत्राला हे जमणार नाही. शिफारस मागे घेतो.” “गुण विसर!” सोबत आलेले प्राध्यापक त्याच्यावर ओरडले. मग इरासीकडे वळले. “बाई, हा अहवाल पालिकेनंच मागवलाय. फेटाळलात तर तिचं कचऱ्याचं कंत्राट जाईल.” सगळ्या बायकांनी अहवालाच्या विरोधात हात उंचावले. “जाऊ द्या,” इरासी म्हणाली. “शहरात कचरा साचला की आठवड्याभरात महापौर नाकाला रुमाल लावून येतील. तेव्हा अटी आम्ही सांगू.”