पांढरा प्लग

चिखलीच्या कडूबा मिस्त्रीनं प्लग काढून पाहिला. पुन्हा पांढराफटक! म्हणजे इंजिनात हवा जास्त अन् पेट्रोल कमी जात होतं. जानेफळच्या पुष्पांजलीनं वडिलांची ही जुनी मोटरसायकल तिसऱ्यांदा आणली होती; चोक ओढल्याशिवाय ती चालतच नव्हती. कार्बोरेटर धुऊन झाला, त्यातला पेट्रोल सोडणारा जेट बदलून झाला. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारा माणूस तो, पण आज त्याला काही म्हणजे काही सुधरेना. त्यानं प्लग परत बसवला अन् चोक ओढून गाडी सुरू केली.

"काका, इथून शिट्टीवानी बारीक आवाज येऊन राह्यला, तो कायचा?" कार्बोरेटर अन् इंजिनाच्या मधल्या रबराकडे बोट दाखवत तिनं विचारलं.

कडूबानं वाकून कान लावला. त्याला फक्त इंजिनाची धडधड ऐकू आली. तरी त्यानं त्या रबराभोवती बोट फिरवलं. खालच्या बाजूला बारीक चीर लागली. ती दाबून धरताच इंजिन एकसारखं चालू लागलं.

"कधीपासून येते हा आवाज, पोरी?"

"पहिल्या दिवसापासून," पुष्पांजली म्हणाली. "मले वाटलं, तुमाले ऐकू येतच असन."