निम्मे झटके

गॅदरिंगचा नाच संपून तीन तास झाल्यावर शर्वाला दप्तरात काढून ठेवलेली जोडपट्टी आठवली, आणि ती घरी पळत सुटली.

आई उदासीवरची गोळी हळूहळू सोडत होती. गोळी कमी केली की डोक्यात विजेसारखे झटके बसत. मायलेकींनी मनगटावर एकेक पट्टी बांधली, की ते दोघींत वाटले जात. “निम्मे माझे,” असं शर्वानेच तोऱ्यात सांगितलं होतं.

आई ओट्याला टेकून, डोकं धरून बसली होती.

“आई, विसरलेच गं.”

“असू दे. नंबर आला का?”

“पहिला.”

“मग झालं तर. तू नाच, बाई.” आईने हसत स्वतःची पट्टी सोडली.

शर्वाने आपली घाईघाईने बांधली आणि झटक्याची वाट बघत राहिली. एकही आला नाही.